पंचांग पाहून होडीत

कोकणातल्या खाड्यांवर पूल झाले आणि खाड्या दिसेनाशा झाल्या. विधान चमत्कारिक वाटेल. पण जरा आठवून पाहा. मुंबईहून मालवणला निघालेले कुटुंब मोटारीत बसलेले असते. पूल येतो. मुले खिडकीशी सरसावून "नदी! नदी!" म्हणून ओरडतात. आई पाण्यात टाकायला पर्समध्ये नाणे शोधू लागते, आणि नाणे हाताला लागेपर्यंत पूल संपलेला असतो. ती नदी नव्हती, खाडी होती, हे मुलांना सांगायचेही राहून जाते. पुढे मुक्कामाला पोचल्यावर समुद्र, वाळू, शहाळी, सोलकढी, तळलेला बांगडा. दोन दिवसांनी परत तोच पूल, तेच नाणे.

पूर्वी खाडी ओलांडायला तर लागत असे, आणि तरीसाठी थांबावे लागे. पाणी चढेपर्यंत प्रवासी काठावर बसून राहत. त्या तासा-दोन तासांत खाडी दिसे. म्हणजे तिचा चिखल दिसे, चिखलातले खेकडे दिसत, पलीकडच्या तीरावरून घातलेली हाक पाण्यावरून कशी सरळ चालत येते ते कळे. पूल झाले हे फार चांगले झाले. बाळंतीण अडलेली असताना भरतीची वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्या घरांना माहीत आहे त्यांच्यासमोर तरीचे गोडवे गाण्याची माझी छाती नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की खाडी पाहायची असेल तर आता मुद्दाम पाहावी लागते, आणि ती पुलावरून किंवा काठावरून दिसत नाही. पाण्याच्या पातळीवर जाऊन बसावे लागते.

या सदरात एरवी शब्दांचा आणि पुस्तकांचा काथ्याकूट चालतो. दिवाळीपुरती त्याला सुटी देतो आणि एका होडीविषयी लिहितो. अर्थात शब्द काही मला सुटी देणार नाहीत. ते वाटेत भेटतीलच.

या होडीचे नाव कयाक. ती मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाचा किंवा देवमाशाच्या हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले सीलचे कातडे, आणि मध्ये एका माणसापुरते भोक. त्यात कमरेपर्यंत शिरून हे लोक बर्फाच्या समुद्रात शिकारीला जात. आपल्या किनाऱ्यावर हल्ली भाड्याने मिळते ती प्लास्टिकची, पिवळ्या नाहीतर केशरी रंगाची असते. तिला भोक नसते. वरच्या खोलगट बैठकीवर पाय पसरून बसायचे. ती उलटलीच तर माणूस आत अडकत नाही, नुसता पाण्यात पडतो. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. पंधरा मिनिटांत येते; मात्र ते दंडाने मारायचे नसून कमरेतून वळून मारायचे असते, हे कळायला दुसरा दिवस उजाडतो, आणि तो खांदे धरूनच उजाडतो.

दोन माणसांची कयाकही असते. तिच्यात पुढे बसणाऱ्याने ताल धरायचा आणि मागे बसणाऱ्याने तो ताल पाळून दिशा सांभाळायची. नवरा-बायकोने तिच्यात बसण्यापूर्वी पुढे कोण बसणार, हा प्रश्न काठावरच सोडवून घ्यावा. पाण्यात तो सुटत नाही.

कोकणाला लहान होडीचे अप्रूप असण्याचे कारण नाही. आंब्याचा बुंधा कोरून केलेली डोण आणि ती कलंडू नये म्हणून एका अंगाला बांधलेली उलांडी, ही जोडी या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या नांदली. उलांडी हा शब्द मला फार आवडतो. स्वतः काही वाहून न नेणारे, नुसते बाजूला तरंगून दुसऱ्याचा तोल सांभाळणारे एक लाकूड. मराठी घरात अशी एखादी आत्या असते. कयाकला उलांडी नसते. तिचा तोल बसणाऱ्याने सांभाळायचा.

आता मुख्य गोष्ट. कुठे जावे, असे लोक विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, की कधी जाणार? खाडीत जागेपेक्षा वेळ मोठी असते. सकाळी आठला जिथे आरशासारखे पाणी पाहून तुम्ही भान हरपलात, तिथेच दुपारी दोनला होडी चिखलात रुतून बसेल. तोच काठ, तीच झाडे, तेच नाव. पण जागा निराळी. प्रवासाच्या पुस्तकांत जागांची नावे असतात, वेळा नसतात. वेळा आपल्याच घरात खुंटीला टांगलेल्या असतात.

तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. हा ठोकताळा किनाऱ्यावरच्या लोकांत जुना आहे आणि तो पाचवीतल्या मुलालाही करता येतो. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या थोडे पुढे पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरावेत, सव्वाअकरा येतात. रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकणारे हे घड्याळ आहे. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. मुंबईपासून दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी लवकर येते, आणि खाडीत आत शिरावे तशी उशिरा. म्हणून तासाभराचा मागेपुढे फरक धरायचा आणि अचूक वेळ त्या गावच्या माणसाला विचारायची. आता भरतीच्या वेळा फोनवर मिनिटासकट मिळतात. पण त्या बंदराच्या मिळतात. तुमची होडी बंदरात नसून सात वळणे आत असते, हे फोनला ठाऊक नसते.

वेळेइतकेच महत्त्व जोराला. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा येते ते उधाण. पाणी खूप चढते, खूप उतरते, आणि सहा तासांत तेवढे सगळे पाणी अरुंद खाडीतून जायचे म्हणजे ओढ आली. अष्टमीच्या मागेपुढे ही ओढ मंदावते. त्या मंद भरतीला किनाऱ्यावर भांग म्हणतात. (या भांगेचा महाशिवरात्रीशी संबंध नाही; परिणाम मात्र तसाच, पाणी सुस्तावते.) उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरच्या खुणेपर्यंत जाते, मालवणकडे हा चढउतार त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. शिकाऊ माणसाला मालवणकडच्या खाड्या बऱ्या, त्याचे हे एक कारण.

आता हे गणित दिवाळीला लावून पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येचे. म्हणजे पाडवा आणि भाऊबीज हे ऐन उधाणाचे दिवस. भरती दुपारी बारा-दीडच्या सुमारास, उन्हाच्या कडाक्यात. शिवाय किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो तो मंद असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो तो जोरकस. परतताना ओहोटीचे पाणी समुद्राकडे निघालेले आणि वारा समोरून तोंडावर. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे गेला, की मध्ये चोपडे पाणी राहत नाही, लाटांचे टवके उठतात. लहान होडी त्यांत नाचते. दिवाळीचे चार दिवस म्हणूनच घरी पणत्या लावाव्यात. कार्तिक शुद्ध अष्टमी ते एकादशी हे खाडीचे दिवस. ओढ कमी, भरती सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान, वारा निजलेला. एकादशीला उजाडता उजाडता, साडेसहाला निघावे. चढते पाणी तुम्हांला अलगद आत नेते. सव्वाआठ-साडेआठला पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखे थांबते. तेव्हा थांबून डबा उघडावा. कार्तिकी एकादशी असल्याने साबुदाण्याची खिचडी असणारच. मग पाणी वळते आणि तुम्हांला परत आणून सोडते. जाताना भरती, येताना ओहोटी. वल्हे नुसते दिशेपुरते.

हे सगळे उलटे केले तर काय होते, तेही पाहिलेले सांगतो. कालावलच्या खाडीकाठी, पाडव्याच्या दुपारी चारची वेळ. एक पुण्याचे कुटुंब होते, दोन मुले, सर्वांच्या अंगावर नवे कपडे, फोनवरून होड्यांचे पैसे आधीच भरलेले. होड्या देणाऱ्या तरुणाचा म्हातारा बाप पाण्याकडे पाहत दगडावर बसला होता.

"अजून दोन तास उजेड आहे, काका," गृहस्थ म्हणाले.

"उजेड असा, सायबानू. पाणी खंय असा?"

पाणी तर समोर दिसत होते. गृहस्थांनी ते हाताने दाखवले.

"सुकती लागली हा," म्हातारा म्हणाला. "आता जातलास तरातरा. पण येतलास कसे?"

गृहस्थ पैसे भरल्याची पावती दाखवू लागले. बाई मात्र म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. "अहो, ते सांगताहेत तर ऐका ना," म्हणाल्या. म्हातारा मग जरा मऊ झाला. "उद्या धा वाजता येवा. मी वांगडा येतंय. पाणीच तुमका भितर व्हरतला, नि पाणीच भायर हाडतला."

"उद्या भाऊबीज आहे हो."

"मगे भावाक घेऊन येवा."

सहा वाजता मी पुन्हा त्या काठावरून गेलो. ती मंडळी तिथेच उभी होती. काठापासून पंचवीस-तीस पावले नुसता चिखल उघडा पडला होता आणि त्यात बगळे पाय उचलून उचलून टाकत हिंडत होते. मधल्या पट्ट्यात उरलेले पाणी समुद्राच्या दिशेने असे धावत होते, की धाकट्या मुलाने टाकलेली काडी बघता बघता वळणाआड गेली. नवखा माणूस कयाक ताशी तीन-चार किलोमीटरने हाकतो, तेही ताजा असताना. ही काडी त्याहून मंद जात नव्हती. चढत्या अंधारात, दमलेल्या हातांनी, त्या पाण्यावर उलटे यायचे म्हणजे काय झाले असते, हे त्या गृहस्थांना कोणी सांगायची गरज राहिली नव्हती. ते फोन खिशात घालून म्हाताऱ्याला तिथीचा हिशेब विचारत होते. म्हाताऱ्याचा मुलगाही ऐकत होता. त्याने मोटारबोटीचा धंदा करायचे मनात धरले आहे. मोटारीला सुकती फारशी अडवत नाही. ज्याला पाणी अडवत नाही त्याला ते ओळखायची निकडही राहत नाही, आणि काठावर बापाच्या वयाची माणसे थोडीच उरली आहेत.

कालावलची खाडी म्हणजे गड नदीचे मुख. आचऱ्याच्या दक्षिणेला, मालवणच्या उत्तरेला. माझ्या मते घरच्या माणसांना घेऊन जावे अशी याहून चांगली खाडी त्या पट्ट्यात नाही. मुखाशी वाळू आणि सुरूची झाडे. तिकडे जायचेच नाही, कारण खाडीच्या मुखाशी समुद्राची लाट फुटते आणि ओहोटी होडीला नेमकी त्या लाटेत ढकलते. आपण आत जायचे. पात्र रुंद आहे, मध्ये माडांनी भरलेली बेटे आहेत, त्यांवर घरे आहेत, आणि घरांच्या पायऱ्यांशी होड्या बांधलेल्या आहेत, जशा शहरात दाराशी स्कुटरी असतात. अशा बेटाला तिकडे जुवा म्हणतात. गोव्यात कुंभारजुवें आहे, त्यातले जुवें तेच. कोशात पाहून हा शब्द कळतो. पण पहाटेच्या धुक्यात त्या बेटावरून कोंबडा आरवलेला ऐकला आणि चारी बाजूंना पाणी पाहिले, की तो समजतो.

आणखी आत मसुऱ्याच्या बाजूला भरतगड आणि समोरच्या तीरावर भगवंतगड, असे दोन किल्ले खाडीच्या दोन अंगांना एकमेकांवर डोळे रोखून बसले आहेत. भरतगड वाडीच्या सावंतांचा, भगवंतगड बावड्याच्या पंत अमात्यांचा. मधल्या पाण्यावरून जाणारा प्रत्येक गलबतवाला दोन्ही गडांवरून मोजला जात असणार. आज दोन्हींवर झाडी माजली आहे. होडीतून मान वर करून पाहिले, की गड बांधणाऱ्याने ती जागा का निवडली, हे शाळेतल्या इतिहासाच्या तासापेक्षा लवकर कळते.

मुख्य पात्र सोडून एखाद्या फाट्यात शिरले, की कांदळवन लागते. आपण शहरी माणसे त्याला चिखलातली झुडपे समजून नाक मुरडतो. होडीत बसून डोळे पाण्यापासून हात-दीड हातावर आले, की त्याच झुडपांचे देवळातले खांब होतात. कांदळाची मुळे खोडातून कमानी टाकत खाली उतरतात. तिवराची मुळे उलटी, चिखलातून पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, वीतभर लांब होऊन लोंबकळते आणि मग भाल्यासारखे खाली पडते. लेकराला चालता येऊ लागल्यावरच घराबाहेर काढणारे हे झाड. खडकांवर कालवांची पांढरी पट्टी दिसते, ती भरतीची रेघ. ओहोटीत चिखलावर निवट्या उड्या मारतात. मासा असून पाण्याबाहेर बागडतो. खंड्या फांदीवरून सुळकन पाण्यात जातो. वल्हे मारायचे थांबवले आणि दोन मिनिटे बोलणे बंद ठेवले, तर हे सगळे चालू होते. नाहीतर होडी आली की पडदा पडतो. मुलांना गप्प बसवायला मास्तरकीतली सगळी शस्त्रे वापरून मी थकलो आहे. इथे एक खंड्या ते काम करतो.

या झाडांना आता थोडा मान मिळू लागला आहे. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला लगाम घातला. 2020 साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मानही दिला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका 2017 पासून स्वतः होड्या वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात. ज्यांना स्वतः वल्हे मारण्याचे धाडस नाही, किंवा बरोबर आजी आहे, त्यांनी तिथे जावे. झाडांची माहिती त्या बायका देतात, ती पुस्तकी नसते. कोणते लाकूड चुलीला चांगले, कोणत्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर आंधळे व्हायला होते, अशी असते.

मालवणच्या दक्षिणेला कर्ली. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. ही जागा आता फार प्रसिद्ध झाली आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर वर आले असे लोक सांगतात ते वाळूचे बेट मुखाशी आहे आणि त्याच्याभोवती सुटीत मोटारींच्या होड्यांची जत्रा असते. तिथे कयाक घेऊन जाणे म्हणजे लक्ष्मी रोडवर ऐन खरेदीत लहान मुलाची तिचाकी काढणे. पण त्याच कर्लीवर पाठ फिरवून आत वालावलकडे गेलात, की दहा वळणांत गर्दी संपते. डोंगर जवळ येतात, पाणी हिरवे होते. वालावलचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ पाहून यावे. लाकडावरचे कोरीव काम पाहण्यासारखे आहे. इतके अंतर एका भरतीत जाऊन-येऊन होणारे नाही. एका बाजूने मोटार बोलवून ठेवावी.

विजयदुर्गाची वाघोटन खाडी खोल आहे, रुंद आहे आणि नवख्याने तिच्यात एकटे उतरू नये. पण काठाकाठाने गिर्ये गावाकडे जाऊन आंग्र्यांच्या आरमाराची गोदी जरूर पाहावी. खडक फोडून केलेल्या त्या गोदीत भरतीला गलबत आत घ्यायचे आणि ओहोटीत ते कोरडे पडले की डागडुजी करायची. पंचांगाचा असा उपयोग करणाऱ्या माणसांचे आरमार 1756 साली इंग्रजांनी याच खाडीत जाळले. तेरेखोलची खाडी महाराष्ट्र आणि गोव्याची सीमा. गंमत अशी, की खाडीच्या उत्तरेचा तेरेखोलचा किल्लाही गोव्यातच आहे. 1746 साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला, त्याचा हा परिणाम. खाली गोव्यात मांडवीवर चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरचे. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे जाता येते. मांडवीच्या मोठ्या पात्रात मात्र बोटींच्या लाटा फार. साळ नदीचे पाणी तिच्याहून शांत. आणि अगदी दक्षिणेला काणकोणातल्या तळपण आणि गालजीबाग या दोन लहान नद्या ज्यांना गर्दीचा खरोखर कंटाळा आहे त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. त्यांची नावे छापावीत की नाही, याचा मी थोडा विचार केला.

दोन ठिकाणी मात्र कयाक घालू नये. चिपळूणच्या खालच्या अंगाला वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. ओहोटीला चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातही आहेत. दोन्हीकडे त्या दाखवायला मोठ्या होड्या जातात, त्यांत बसून जावे. मगर पाहण्यासारखा प्राणी आहे, पण उंचावरून.

बाकीच्या सूचना थोड्याच. तरंगते जाकीट अंगात घालून त्याचे बंद आवळायचे. पोहता येते म्हणून ते होडीत पायाशी ठेवणारे गृहस्थ मी पाहिले आहेत आणि त्यांच्या शेजारी तेच करणारी त्यांची मुलेही पाहिली आहेत. होडी उलटली तर तिला सोडून काठाकडे पोहत निघू नये, होडीलाच धरून राहावे. ती बुडत नाही. पायात चपला नकोत, बांधता येतील असे बूट हवेत, कारण कालवांची धार वस्तऱ्याची असते. कोळ्यांची जाळी पाण्यात असतील तर वळसा घालावा. खाडी त्यांचे शेत आहे आणि आपण त्यांच्या बांधावरून फिरायला आलेलो आहोत. कुठे चाललो आणि किती वाजता परतणार, हे काठावरच्या कोणाला तरी सांगून निघावे. जून ते ऑगस्ट हा विचारच करू नये. दिवाळीपासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. पुढे ऊन सोसवत नाही.

परतल्यावर जेवणाचे पाहायचे. पाणी उतरले, की खाडीतल्या बायका गुडघाभर पाण्यात वाकून वाळूतून तिसऱ्या काढतात आणि काठावर त्यांचे वाटे लावतात. होडीवरून उतरून तिथेच घ्याव्यात. याहून ताज्या मिळणार नाहीत. एकादशी पाळणाऱ्यांना मात्र तो वाटा एक दिवस पुढे ढकलावा लागेल. द्वादशीला भरती नऊला, म्हणजे पूर्ण ओहोटी सव्वातीनच्या सुमारास. दुपारची झोप आटोपती घेऊन पिशवीसह काठावर हजर राहावे.